करणें, करविणें आणि इंग्रजींतील 'टू'

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासतांना शिक्षकांची तांबडी शाई ज्या शब्दांपायीं खर्च होते, त्यांत 'टू' ह्या चिमुकल्या शब्दाचा क्रम बराच वरचा लागतो. जेथें तो हवा तेथें विद्यार्थी त्यास विसरतात, आणि जेथें त्याचें कांहीं काम नाहीं तेथें त्यास अगत्यानें बोलावून बसवितात. "सरांनीं मला उभें राहावयास लावलें" ह्या साध्या वाक्याचें भाषांतर सांगितलें कीं, "सर मेड मी टू स्टँड" हें उत्तर ठरलेलें. शुद्ध वाक्य "सर मेड मी स्टँड" एवढेंच आहे. मग "सर टोल्ड मी टू स्टँड" ह्यांत 'टू' कसा चालतो, आणि "सर ऑर्डर्ड मी टू स्टँड" ह्यांत तरी कसा चालतो, असें एखादा चाणाक्ष मुलगा विचारतो. त्यावर "तेथें चालतो, येथें चालत नाहीं, पाठ करा" असें उत्तर त्यास पुष्कळदां मिळतें. पाठ करणें वाईट नव्हे. परंतु ज्याचें कारण सांगतां येतें तें नुसतें पाठ करावयास लावणें हा वेळेचा अपव्यय आहे. आणि ह्या विषयाचें कारण तर मराठी मुलास सहज उमगावें असें आहे, कारण त्याची बहुतेक सामग्री त्याच्या स्वतःच्या भाषेंतच पडलेली आहे.

तेव्हां प्रथम आपलेंच घर पाहूं. "सुतार पेटी करतो" ह्या वाक्यांत करणारा एकच आहे. "मालक सुताराकडून पेटी करवितो" असें म्हणतांच दोघे जण पुढें येतात. हात चालतो तो सुताराचा, आणि इच्छा चालते ती मालकाची. ज्या क्रियापदाच्या योगें हा दुसरा, म्हणजे करवून घेणारा, वाक्याचा कर्ता होऊन बसतो, त्यास आपले व्याकरणकार प्रयोजक क्रियापद म्हणतात. पाणिनीनें अशा करविणाऱ्यास 'हेतु' ही संज्ञा दिली आणि त्यासाठीं धातूस जो प्रत्यय लागतो त्यास 'णिच्' असें नांव ठेवलें. मोरो केशव दामले ह्यांच्या 1911 सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ह्या ग्रंथांत मराठी प्रयोजकांचें सविस्तर विवेचन आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तें अवश्य उघडून पाहावें.

हें रूप मराठींत किती जुनें आहे ह्याचा पुरावा दगडांत कोरलेला आहे. कर्नाटकांत श्रवणबेळगोळ येथें गोमटेश्वराची सुमारें 57 फूट उंचीची, एकाच पाषाणांतून काढलेली मूर्ति आहे. गंग राजांचा मंत्री चावुंडराय ह्यानें ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी करविली. मूर्तीच्या पायांपाशीं 'श्रीचावुण्डराजें करवियलें' अशी ओळ आहे, आणि मराठीच्या अतिप्राचीन कोरीव लेखांत तिची गणना होते. तेथेंच तीच गोष्ट कानडींत 'माडिसिदं' आणि तामिळींत 'शेय्वित्तान्' ह्या शब्दांनीं सांगितलेली आहे, आणि तीं दोन्ही रूपेंहि प्रयोजकच आहेत. चावुंडरायानें स्वतः छिन्नी हातीं धरली नव्हती. म्हणून लेख लिहिणाऱ्यानें तिन्ही भाषांत 'केलें' असें न लिहितां 'करविलें' असेंच लिहिलें. पुढें बाराव्या शतकांत होयसळांचा सेनापति गंगराज ह्यानें मूर्तीभोंवतीं ओवरी बांधविली, तेव्हां त्याच्या नांवानें कोरलेल्या मराठी ओळींतहि पुन्हा 'करवियलें' हेंच क्रियापद आलें.

आतां हीच ओळ इंग्रजींत लिहावयाची झाली तर? "चावुंडराय मेड धिस" असें लिहिलें तर मंत्री आणि शिल्पकार एकच होऊन जातात. इंग्रज गृहस्थ "चावुंडराय हॅड धिस मेड" असें लिहील. आपल्या एका 'करवियलें' ह्या शब्दासाठीं त्यास 'हॅड' आणि 'मेड' अशीं दोन क्रियापदें खर्चावीं लागलीं, कारण आपल्या 'वि' सारखा धातूच्या अंगांत मिसळणारा प्रत्यय आज त्याच्या भाषेंत जिवंत नाहीं. (येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. "शहाजहाननें ताजमहाल बांधला" असें आपणहि बिनदिक्कत म्हणतों आणि इंग्रजहि म्हणतात. 1632 च्या सुमारास त्या कामास आरंभ झाला तेव्हां बादशहानें विटा वाहिल्या असें मात्र कोणास वाटत नाहीं. माणूस पुरेसा मोठा असला म्हणजे भाषा त्याच्या पदरीं कारागिरांचें श्रेय खुशाल घालते.)

आज जिवंत नाहीं असें म्हटलें तें मुद्दाम. पूर्वीं तो होता. मराठींत प्रयोजक करण्याची 'वि' लावण्याखेरीज आणखी एक रीत आहे. तींत शब्दाच्या पोटांतला स्वरच बदलतो. पडणें-पाडणें, मरणें-मारणें, तरणें-तारणें हीं जोडपीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. आतां इंग्रजींतील हीं जोडपीं पाहा. 'फॉल' म्हणजे पडणें, आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणें. 'सिट' म्हणजे बसणें, आणि 'सेट' म्हणजे बसविणें, ठेवणें. 'लाय' म्हणजे आडवें होणें, आणि 'ले' म्हणजे आडवें ठेवणें. 'ड्रिंक' म्हणजे पिणें, आणि 'ड्रेंच' ह्याचा मूळ अर्थ पाजणें. आजहि गुराढोरांस बळेंच औषध पाजण्यास गुरांचे डॉक्टर 'ड्रेंच' हाच शब्द वापरतात. पावसानें आपण 'ड्रेंच' होतों तो अर्थ मागाहून आला. हीं सगळीं प्रयोजकें आहेत, पण आजच्या इंग्रज मुलास तीं वेगळाले शब्द वाटतात. त्यांच्यांतलें मायलेकरांचें नातें त्यास कोणी सांगितल्याशिवाय दिसत नाहीं. 'लाय' आणि 'ले' ह्यांचा घोटाळा तर खुद्द इंग्लंडांतील लोकहि करीत असतात.

हें साम्य योगायोगाचें नाहीं. सर विल्यम जोन्स ह्यांनीं 1786 सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें केलेल्या भाषणांत संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषा एकाच मूळापासून निघाल्या असाव्यात असें सांगितलें, आणि गॉथिक भाषाहि त्याच कुळांतली असावी असें सुचविलें. पुढच्या शतकांत विद्वानांनीं हें नातें धातूधातूंनीं जुळवून दाखविलें. संस्कृतांत 'सद्' म्हणजे बसणें व 'सादयति' म्हणजे बसवितो. इंग्रजीच्या पूर्वज भाषेंत ह्याच मूळ शब्दापासून 'सिट' व 'सेट' हीं दोन रूपें झालीं. आपल्या 'णिच्' चा दूरचा भाऊ 'सेट' ह्या शब्दांत एवढीं शतकें दडून राहिला आहे. शब्द झिजत गेले, प्रत्यय गळून पडले, आणि नवीं प्रयोजकें बनविण्याची ती जुनी रीत इंग्रजींत बंद पडली. मग इंग्रजीनें स्वतंत्र सहायक क्रियापदांकडून हें काम करवून घेण्यास सुरुवात केली. त्यांतलीं मुख्य तीन: मेक, लेट आणि हॅव्ह.

आतां 'टू' कडे वळूं. आज आपण 'टू सिंग', 'टू गो' हेंच क्रियापदाचें मूळ रूप समजतों, आणि कोशांतून वा पुस्तकांतून तसेंच पाठ करतों. परंतु सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत 'गाणें' ह्यास 'सिंगन्' असें एकच पद होतें. आपल्या 'णें' प्रमाणें तेथें शेवटचा 'अन्' हा प्रत्यय होता, आणि 'टू' ची गरज नव्हती. "गाण्यासाठीं", "गाण्याकडे" असा रोख दाखवावयाचा झाला म्हणजे मात्र 'टो सिंगेन्ने' असें निराळें रूप वापरीत. कालांतरानें दोन्हींचे शेवट झिजून नुसतें 'सिंग' उरलें. प्रत्यय गेल्यावर क्रियापदाची ओळख पटविण्यास कांहीं खूण हवी होती. ती खूण म्हणून 'टू' सर्वत्र पसरत गेला. तरी कांहीं जुन्या, नित्य वापरांतल्या क्रियापदांच्या सोबतीस मूळचें उघडें रूपच टिकलें. 'कॅन', 'मे', 'मस्ट' ह्यांच्या पुढें 'टू' येत नाहीं तो ह्याच कारणानें. 'लेट' च्या पुढें येत नाहीं तोहि ह्याच कारणानें. म्हणजे ह्या वाक्यांतून 'टू' गळालेला नाहीं. तो तेथें कधीं शिरलाच नाहीं, किंवा शिरला तरी टिकला नाहीं.

'मेक' च्या बाबतींत तो कांहीं काळ शिरला होता. 1611 सालच्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलांतील तेविसावें स्तोत्र आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांस तोंडपाठ असेल. त्याच्या आरंभींच 'मेक' च्या पुढें 'टू' स्पष्ट उभा आहे. तो पाहून एखादा विद्यार्थी गुरुजींशीं वाद घालील तर त्यास रागावूं नये. त्या काळीं दोन्ही रीती चालत असत. पुढें एक मागें पडली, आणि आज लिहितांना ती चालत नाहीं, एवढेंच त्यास सांगावें.

मराठी मुलाच्या हातून 'टू' नेमका येथेंच कां घातला जातो? आमच्या मतें दोष त्याच्या आळसाचा नाहीं. त्याच्या कानाचा आहे. 'उभें राहावयास लावलें', 'थांबायला लावलें', 'लिहायला लावलें' ह्या सर्वांत मुख्य क्रियापदाच्या अंतीं 'स' किंवा 'ला' आहे. हा 'ला' ऐकतांच कान म्हणतो, येथें 'टू' हवा. उलट 'जाऊं दिलें', 'बसूं दिलें', 'खेळूं दिलें' ह्यांत 'ला' नाहीं. तेथें 'ऊं' हें उघडें रूप आहे. म्हणून "आईनें मला खेळूं दिलें" ह्याचें "मदर लेट मी प्ले" हें भाषांतर आपल्या मुलांस त्या मानानें कमी अडतें. ज्यास 'मेक' मध्यें चूक होते त्यानें मनांत 'थांबायला लावलें' असें न म्हणतां 'थांबविलें' असें एकाच शब्दांत म्हणून पाहावें. 'हसविलें' म्हणजे 'मेड लाफ', 'रडविलें' म्हणजे 'मेड क्राय'. 'ला' गेला कीं 'टू' हि जातो.

ह्या उघड्या रूपाचा आणखी एक नियम आहे, आणि तो मोडणारे विद्यार्थीहि कमी नाहींत. तें रूप काळानुसार बदलत नाहीं आणि पुरुषानुसारहि बदलत नाहीं. "ही मेड हर क्राइड" किंवा "शी मेक्स हिम सिंग्ज" असें लिहिणें चूक. काळाचा भार पहिल्या क्रियापदानें एकदां उचलला, मग दुसऱ्यानें तो पुन्हा उचलावयाचा नाहीं. आपणहि 'बसूं दिलें' म्हणतों. 'बसलें दिलें' कोणी म्हणत नाहीं.

आतां तिन्ही क्रियापदांचे अर्थ. 'मेक' म्हणजे जुलूम असें कित्येक पुस्तकांत सांगितलेलें असतें, तें अर्धेंच खरें आहे. माणसानें माणसाकडून त्याच्या मनाविरुद्ध काम करविलें तर तेथें 'मेक' येतोच: "द पोलीसमन मेड द ड्रायव्हर स्टॉप." पण कर्ता निर्जीव असला, किंवा क्रिया आपोआप घडणारी असली, तर त्यांत जुलूम कसला? "द ऑनियन्स मेड हर क्राय", "हिज स्टोरी मेड अस लाफ", "द हीट मेड द मिल्क टर्न सावर". कांद्यानें रडविलें, गोष्टीनें हसविलें, उन्हाळ्यानें दूध नासविलें. येथें 'मेक' म्हणजे केवळ कारण होणें. "कशानें बरें तुला असें वाटलें?" ह्यास इंग्रजींत "व्हॉट मेड यू थिंक सो?" असें गोड वाक्य आहे. आमच्या मुलांनीं तें एकदां तोंडीं बसविलें तर त्यांचें बोलणें पुष्कळ स्वाभाविक होईल.

'हॅव्ह' मध्यें जोरहि नाहीं आणि आर्जवहि नाहीं. ज्याचें तें कामच आहे, किंवा ज्यास सांगण्याचा आपणांस हक्क आहे, त्याच्याकडून रीतसर काम करवून घेणें म्हणजे 'हॅव्ह'. "आय हॅड द मेकॅनिक रिपेअर माय बायसिकल." "द डॉक्टर हॅड हिम ब्रीद डीपली." अशी रचना अमेरिकेंत अधिक ऐकूं येते; इंग्लंडांत पुष्कळदां 'गेट' वापरतात, आणि 'गेट' ला मात्र 'टू' लागतो: "आय गॉट द मेकॅनिक टू रिपेअर इट." 'गेट' मध्यें थोडीशी खटपट, थोडें मन वळविणें असतें. 'मेड हिम अग्री' आणि 'गॉट हिम टू अग्री' ह्या दोहोंचा शेवट एकच, पण दुसऱ्यांत समजावणी आहे.

'हॅव्ह' च्या संबंधानें एक खांचखळगा नीट पाहून ठेवावा. काम करणारा माणूस आधीं आला तर पुढें उघडें रूप: "हॅड द मेकॅनिक रिपेअर." ज्यावर काम झालें ती वस्तु आधीं आली तर भूतकाळवाचक धातुसाधित: "आय हॅड माय बायसिकल रिपेअर्ड." मुलांस शिकवितांना पुस्तकें बहुधा केस कापण्याचें उदाहरण देतात, तें आम्हांस अगदीं गैरसोयीचें वाटतें, कारण 'कट' हा शब्द दोन्हीकडे सारखाच दिसतो आणि फरक मुळींच कळत नाहीं. तरी केसांचा प्रश्न सोडून चालणार नाहीं. मराठींत "मीं काल केस कापले" म्हटलें तर ऐकणारा समजतो कीं न्हाव्याकडे गेला असेल. इंग्रजींत "आय कट माय हेअर" म्हटलें तर ऐकणारा आधीं आपल्या हातांतल्या कात्रीकडे पाहतो आणि मग आपल्या डोक्याकडे! तेथें "आय हॅड माय हेअर कट" असेंच म्हणावें. सदरा शिवणें, चष्मा करणें, दात काढणें ह्या सर्वांस हाच न्याय. मात्र ह्याच सांच्यांत "ही हॅड हिज पॉकेट पिक्ड" असेंहि वाक्य बसतें, आणि त्याचा अर्थ "त्यानें आपला खिसा कापवून घेतला" असा नव्हे. बिचाऱ्याचा खिसा कापला गेला, इतकाच आहे. प्रयोजन नसतांहि प्रयोजकाचा वेष, असा हा प्रकार.

'लेट' म्हणजे देणें. येऊं देणें, जाऊं देणें. एका जिज्ञासूनें विचारलें होतें कीं, पासपोर्टावर 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' असें छापलेलें असतें, तेथें 'लेट' चा अर्थ अडथळा कसा? तो शब्दच निराळा. जुन्या इंग्रजींत जाऊं देण्याचा 'लेट' आणि अडविण्याचा 'लेट' हे दोन स्वतंत्र शब्द होते. झिजून झिजून दोघांचें रूप एक झालें, आणि दुसरा आतां अशा ठराविक शब्दसमूहांत व टेनिसच्या खेळांत तेवढा उरला आहे. पालकांस ह्यांतला एक उपयोगाचा भाग सांगतों. शाळेस चिठ्ठी लिहितांना "प्लीज लेट माय सन टू लीव्ह अर्ली" असें पुष्कळ जण लिहितात. एक तर "लेट माय सन लीव्ह" लिहावें, नाहीं तर "अलाउ माय सन टू लीव्ह" लिहावें. 'अलाउ', 'परमिट', 'फोर्स', 'कंपेल', 'कॉज', 'आस्क', 'टेल', 'ऑर्डर' ह्या सर्वांस 'टू' हवा. अर्ज किंवा चिठ्ठी औपचारिक असली तर 'अलाउ' च अधिक शोभतो.

मराठींतल्या 'वि' च्या प्रत्ययाचा एक सख्खा शेजारी आहे, त्याचा येथें उल्लेख करावासा वाटतो. "आजीला आतां जिना चढवत नाहीं" ह्यांतलें 'चढवणें' हें प्रयोजक नव्हे. तें शक्य क्रियापद, म्हणजे अंगांत शक्ति आहे कीं नाहीं हें सांगणारें. "आम्ही आजीला जिना चढवितों" हें प्रयोजक. एकाच घरांतलीं, एकाच जिन्यावरचीं हीं दोन वाक्यें. एकांत आजीची अशक्तता आहे आणि दुसऱ्यांत नातवंडांचा हात. इंग्रजींत ह्या दुसऱ्या वाक्यास 'मेक' लावाल तर आजीला ढकलीत नेल्यासारखें होईल. तेथें 'हेल्प' हवा: "वी हेल्प हर क्लाइंब द स्टेअर्स." 'हेल्प' च्या पुढें 'टू' घातला तरी चालतो, न घातला तरी चालतो, दोन्ही शुद्ध. एवढी मोकळीक ह्या मंडळींत दुसऱ्या कोणास नाहीं. परंतु "मला हसूं आवरेना" ह्या अर्थीं "आय कुड नॉट हेल्प लाफिंग" असें म्हणतात, तेथें उघडें रूप येत नाहीं.

कर्मणि प्रयोग केला कीं 'टू' परत येतो. "सर मेड मी स्टँड", पण "आय वॉज मेड टू स्टँड." मधला 'मी' उठून पुढें गेल्यावर दोन क्रियापदें एकमेकांस भिडूं नयेत म्हणून जणूं 'टू' मध्यें येऊन उभा राहतो, असें स्मरणांत ठेवलें तर सोपें जातें. 'लेट' चा कर्मणि प्रयोग करूं नये, 'वॉज अलाउड टू' असें लिहावें. "ही वॉज लेट गो" हें वाक्य वर्तमानपत्रांत आढळतें खरें, पण त्याचा अर्थ त्यास जाऊं दिलें असा नसून त्यास नोकरीवरून काढलें असा असतो. 'हॅव्ह' चा असा कर्मणि प्रयोग होतच नाहीं.

पाहणें, ऐकणें ह्या क्रियापदांचाहि हाच परिपाठ आहे: "आय सॉ हिम क्रॉस द रोड", "वी हर्ड द बेल रिंग." कर्मणींत तेथेंहि 'टू' येतो: "ही वॉज सीन टू क्रॉस द रोड." ऐकीव गोष्टीस इंग्रजींत 'हिअरसे' म्हणतात, तोहि 'हिअर' पुढें 'से' हें उघडें रूप येऊन झालेला शब्द आहे.

हा सगळा खटाटोप केवळ परीक्षेच्या गुणांसाठीं आहे असें कोणी समजूं नये. "सावकारानें त्याच्याकडून कागदावर सही करवून घेतली." हें मराठी वाक्य आपण सहज बोलतों. त्यावरून बळजबरी झाली कीं रीतसर व्यवहार झाला हें कळत नाहीं. तें आपण बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखतों. इंग्रजी भाषांतर करणाऱ्यास मात्र ही सवलत नाहीं. 'मेड हिम साइन' म्हटलें तर सक्ती केली. 'हॅड हिम साइन' म्हटलें तर रिवाजाप्रमाणें सही घेतली. 'गॉट हिम टू साइन' म्हटलें तर गोडीगुलाबीनें वा युक्तीनें वळविलें. 'लेट हिम साइन' म्हटलें तर तोच उत्सुक होता, ह्यानें हरकत घेतली नाहीं. आणि 'हेल्प्ड हिम साइन' म्हटलें तर त्याचा हात कांपत होता, ह्यानें आधार दिला. आतां हाच कागद उद्यां न्यायालयांत गेला अशी कल्पना करा. भारतीय करार कायदा, जो 1872 सालीं झाला, त्याच्या 14 व्या व 15 व्या कलमांत संमति स्वतंत्र केव्हां मानावी आणि बलप्रयोग कशास म्हणावें हें सांगितलें आहे; आणि 19 व्या कलमान्वयें बलप्रयोगानें संमति घेतली असल्यास ती देणाऱ्यास करार रद्द करून घेण्याचा अधिकार आहे. शेतकऱ्याची मराठी जबानी इंग्रजींत उतरविणाऱ्यानें सवयीनें 'हॅड' लिहिलें, आणि त्याला म्हणावयाचें होतें 'मेड', तर व्याकरण शुद्ध राहून अर्थ मात्र पार बुडाला. उलट, जेथें कोणीहि जबरदस्ती केली नाहीं तेथें 'मेड' लिहून एखाद्या निरपराध माणसावर आरोप ठेवतां येतो. रुग्णालयांतील संमतिपत्रें, नोकरीचे राजीनामे, शाळेंतील दंगामस्तीच्या चौकशीचे कागद, सर्वत्र हीच गोष्ट. "त्यानें मला तसें करायला लावलें" असें दोन मुलें एकमेकांविषयीं सांगतात, तेव्हां 'मेड' कीं 'लेट' हें ठरविण्यांतच वर्गशिक्षकाचा अर्धा न्याय होऊन जातो.

म्हणून ह्या पाठाच्या अभ्यासांत आम्हीं वाक्यें थोडींच देतों, पण तीं विचार करून सोडवावीं. आईनें मला कडू औषध प्यावयास लावलें. बाबांनीं आम्हांला सामना संपेपर्यंत पाहूं दिला. आम्हीं गवंड्याकडून कुंपणाची भिंत बांधवून घेतली (हें दोन रीतींनीं लिहावें, एकदां गवंडी आधीं घेऊन व एकदां भिंत आधीं घेऊन). चुलीच्या धुरानें सर्वांना खोकविलें. धाकट्या भावाला गणित सोडविण्यास ताईनें मदत केली. पावसांत आम्हांला दोन तास रांगेंत उभें करण्यांत आलें. रात्रीं दार लागल्याचें मीं ऐकलें. सावकारानें त्याच्याकडून कागदावर सही करवून घेतली. शेवटच्या वाक्यास हात घालण्यापूर्वी विद्यार्थ्यानें शिक्षकांस उठून विचारावें कीं, गुरुजी, ती सही घेतली कशी? आणि शिक्षकांनीं त्यास हवी ती हकीकत रचून सांगावी, म्हणजे मग भाषांतर करतां येईल.